‘डोक्यात शिरत नाही’ म्हणण्याआधी : सेरोटोनिन, स्मरण आणि शिकणे



परीक्षा जवळ आल्या की वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक मागणी हमखास होते. “सिस्टर, पोरगं दिवसभर पुस्तक घेऊन बसतं, पण डोक्यात काही शिरत नाही. स्मरणशक्तीचं एखादं टॉनिक द्या ना.” कोणी बाटलीचे नाव लिहूनच आणलेले असते. कोणाच्या मुलाच्या दंडाला बाहेरून आणलेला दोरा बांधलेला असतो. आणि कोणी निराश होऊन मुलासमोरच बोलून जाते, “याला डोकंच नाही.”

हे शेवटचे वाक्य ऐकले की फार वाईट वाटते. आपल्या पिढ्यान् पिढ्यांना हेच ऐकवले गेले. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या संदेशात पहिला शब्द ‘शिका’ हा आहे, आणि तो शब्द आपण खरा करून दाखवला. तरीही घरातले एखादे मूल अभ्यासात मागे पडू लागले की तेच जुने वाक्य आपल्या तोंडून निघते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मेंदू शिकतो कसा हे थोडे समजून घेऊ. त्यासाठी मेंदूतल्या एका रसायनाची ओळख करून घ्यायची आहे. त्याचे नाव सेरोटोनिन.

सेरोटोनिन म्हणजे काय?

१९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज हे तिघे रक्तदाबावर संशोधन करत होते. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव उरतो त्याला सीरम म्हणतात. त्या सीरममधून त्यांनी रक्तवाहिन्या आकसवणारा एक पदार्थ वेगळा काढला. सीरममधला, आणि रक्तवाहिन्यांचा ताण म्हणजे ‘टोन’ वाढवणारा, म्हणून नाव पडले सेरोटोनिन. त्याआधी इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना हाच पदार्थ आतड्यात सापडला होता, पण दोन्ही एकच आहेत हे नंतर कळले.

मेंदूत सेरोटोनिन असते हे दाखवले बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने. तिचा व पेज यांचा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत रक्ताचा आणि पोटाचा समजला गेलेला पदार्थ मनाच्या अभ्यासाचा विषय झाला.

आपल्या शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. तिथे ते पचनाचे काम करते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते. ती आतड्यातले सेरोटोनिन मेंदूत जाऊ देत नाही. मेंदूला लागणारे सेरोटोनिन मेंदू स्वतःच तयार करतो. त्यासाठी त्याला कच्चा माल लागतो ट्रिप्टोफॅन नावाचा. हा प्रथिनांतला एक घटक आहे. तो शरीरात बनत नाही, जेवणातूनच मिळतो.

मेंदूत ते काम कसे करते?

मानेच्या वर, जिथे मेंदू पाठीच्या कण्याला जोडला जातो, तो भाग म्हणजे मेंदूचा देठ. या देठाच्या मधोमध सेरोटोनिन तयार करणाऱ्या चेतापेशींचे पुंजके असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या सेरोटोनिनच्या पेशी अवघ्या काही लाख. पण त्यांच्या फांद्या जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेल्या असतात. शेताच्या एका कोपऱ्यातल्या विहिरीतून पाट काढून सगळे वाफे भिजवावेत, तशी ही रचना.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अगदी बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, समोरची पेशी ते झेलते, आणि निरोप पुढे जातो. झेलण्यासाठी समोरच्या पेशीवर ग्राहक असतात. सेरोटोनिनचे असे किमान १४ प्रकारचे ग्राहक आतापर्यंत सापडले आहेत. काही ग्राहक पेशीला चेतवतात, काही शांत करतात. काम झाले की उरलेले सेरोटोनिन पहिली पेशी पुन्हा आत ओढून घेते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, औषधांबद्दल बोलताना ती लागेल.

एवढे प्रकार असल्यामुळेच ‘सेरोटोनिन वाढले की स्मरणशक्ती वाढते’ असा सरळ हिशेब मांडता येत नाही. आठवण साठवण्याच्या कामात ग्लुटामेट, डोपामाइन, ॲसिटिलकोलीन अशी इतर रसायनेही असतात. सेरोटोनिन त्यांच्या कामाचा सूर लावते. तबल्यावर बोल वाजवणारा हात वेगळा, आणि हातोडीने तबला सुरात लावणे वेगळे. सूर उतरला तर बोल बरोबर असूनही वाजवणे बिघडते.

समुद्री गोगलगायीने दिलेला धडा

शिकताना पेशीत नेमके काय बदलते हे एरिक कॅन्डेल या शास्त्रज्ञाने दाखवले. कॅन्डेल व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबात जन्मले. नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यानंतर १९३९ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले. त्या दिवसांच्या आठवणी मनात एवढ्या खोल का रुतल्या, या कुतूहलाचा आपल्या पुढच्या संशोधनाशी संबंध आहे असे त्यांनी स्वतः म्हटले आहे.

त्यांनी अभ्यासासाठी निवडली ॲप्लिसिया नावाची समुद्री गोगलगाय. तिच्यात फक्त २० हजारांच्या आसपास चेतापेशी असतात, आणि काही पेशी तर नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या. तिच्या अंगाला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. तिच्या शेपटीला विजेचा झटका दिला, की त्यानंतर अगदी हलक्या स्पर्शालाही ती जोराने कल्ला ओढते. म्हणजे ती ‘सावध राहायला’ शिकली.

झटका बसताच तिच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन सुटते, असे दिसून आले. मग काचेच्या बशीत चेतापेशी वाढवून संशोधकांनी झटक्याऐवजी थेट सेरोटोनिनच दिले. एकदा दिले, तर दोन पेशींमधला निरोप काही मिनिटे जोरदार झाला आणि पुन्हा पूर्ववत झाला. मध्ये थोडा थोडा वेळ सोडून पाच वेळा दिले, तर तो परिणाम एक दिवसाहून अधिक टिकला. एवढेच नव्हे, निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत गेला, तिथली जनुके जागी झाली, नवी प्रथिने बनली आणि दोन पेशींमध्ये नवे जोड फुटले. या कामासाठी कॅन्डेल यांना २००० साली आणखी दोघांसोबत नोबेल पुरस्कार मिळाला.

यातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट घ्यावी. घडीभराची आठवण आणि टिकाऊ आठवण यांत फरक आहे. टिकाऊ आठवणीसाठी पेशीला बांधकाम करावे लागते, आणि बांधकामाला वेळ लागतो. एकाच रात्रीत सगळे पुस्तक डोळ्यांखालून घालण्यापेक्षा तोच धडा आज, परवा, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा वाचला तर तो राहतो. रात्रभर जागून केलेला अभ्यास दुपारपर्यंत उडून जातो, यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही.

माणसाच्या मेंदूत सेरोटोनिनचा वाटा

गोगलगायीत जे दिसले ते माणसात जसेच्या तसे असते असे नाही. माणसावर वेगळे प्रयोग झाले. निरोगी स्वयंसेवकांना ट्रिप्टोफॅन वगळून बाकी प्रथिन-घटक असलेले पेय देतात. काही तासांत मेंदूतले सेरोटोनिन तात्पुरते घटते. त्या वेळी त्यांना शब्दांची यादी शिकवली, तर थोड्या वेळाने विचारल्यावर त्यांना ती कमी आठवते. मात्र ऐकलेले आकडे तेवढ्यापुरते मनात धरून ठेवणे, हे काम फारसे बिघडत नाही. म्हणजे परिणाम मुख्यतः नवे शिकलेले साठवण्यावर होतो.

दुसरे काम, जुनी सवय सोडून नवी रीत धरणे. मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले सेरोटोनिन कमी केले, तेव्हा ‘कोणते चित्र निवडले की खाऊ मिळतो’ हे ती शिकत होती. पण नियम उलटा केल्यावरही ती जुन्याच चित्राला चिकटून राहिली. आता खाऊ मिळत नाही हे दिसत असूनही. गणिताची चुकीची रीत एकदा बसली की ती सोडणे नवे शिकण्याइतकेच अवघड असते, हे शिक्षकांना ठाऊक आहे.

तिसरे काम, धीर धरणे. जपानमध्ये ओकिनावा इथल्या संशोधकांनी दाखवले, की बक्षिसाची वाट पाहताना उंदरांच्या सेरोटोनिन पेशी कामात असतात, आणि त्या पेशींना चालना दिली की उंदीर जास्त वेळ वाट पाहतात. शिक्षणाचे फळ लगेच मिळत नाही. दहा-बारा वर्षे वाट पाहण्याची ताकद हीसुद्धा शिकण्याचाच भाग आहे.

चौथे काम झोपेचे. अंधार पडल्यावर मेंदूतली एक छोटी ग्रंथी सेरोटोनिनपासूनच मेलाटोनिन बनवते, आणि त्यातून शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. म्हणून झोप मोडून अभ्यास करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

भीतीचा धडाही पक्का होतो

वर्तमानपत्रांत सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात. गोगलगायीची गोष्ट पुन्हा आठवा. सेरोटोनिनच्या मदतीने तिने जे पक्के केले ते दुखापतीचे स्मरण होते. मेंदू काय चांगले, काय वाईट असे निवडून साठवत नाही. जे वारंवार घडते आणि जिवाला लागते ते तो जपून ठेवतो.

आता वर्गातल्या मुलाचा विचार करा. फळ्यासमोर उभे करून हसणे, आडनावावरून टोमणा मारणे, शिष्यवृत्तीच्या यादीतले नाव मुद्दाम मोठ्याने वाचणे. या गोष्टी पुन्हा पुन्हा घडल्या तर मूल गणिताबरोबर गणिताच्या तासाची भीतीही शिकते. ताण सतत राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते, आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला ते बाधते. अशा मुलाला ‘डोके नाही’ म्हणणे म्हणजे पाय बांधून पळायला लावणे आणि वर ‘पळता येत नाही’ म्हणणे.

म्हणून शाळेत, वसतिगृहात किंवा कॉलेजात मुलाचा अपमान होत असेल, तर तो त्याच्या आरोग्याचाही प्रश्न समजा. पालकांनी मुलाला ‘सहन कर’ एवढेच सांगून थांबू नये. मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्यावी, तारीख टाकून तिची प्रत ठेवावी, आणि सोबत वस्तीतली जाणती माणसे न्यावीत. आणि घरीही आपण मुलाला चारचौघांत खाली पाहायला लावत नाही ना, हे तपासावे.

विसर पडतो तो कशाने?

नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, हा आजार पुष्कळदा विसरभोळेपणाचा वेश घेऊन येतो. रोगी “मन उदास आहे” असे म्हणत नाही. तो म्हणतो, “लक्षात राहत नाही”, “वाचलेलं कळत नाही”, “डोकं जड असतं”. बाई म्हणते, “गॅसवर दूध ठेवून विसरते.” वयस्कर माणसांत तर नैराश्यामुळे येणारा विसर हा म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश वाटतो. पण नैराश्यावर उपचार झाले की तो पुष्कळ अंशी सुधारतो. म्हणून ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

खालील गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज दिसत असतील तर डॉक्टरांकडे जायलाच हवे :

- आवडीच्या गोष्टीतही मन न लागणे. क्रिकेट, मैत्रिणी, गाणी, सगळे सुटणे
- पहाटे लवकर जाग येणे किंवा दिवसभर झोपून राहणे
- भूक आणि वजन यांत मोठा बदल
- चिडचिड (मुलांमध्ये उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसते)
- लक्ष न लागणे, साधा निर्णय न घेता येणे
- ‘मी निकामी आहे’, ‘माझं ओझं झालंय’ असे बोलणे
- मरणाचे विचार

शेवटची गोष्ट ऐकली तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. ‘मरावंसं वाटतं का?’ असे थेट आणि प्रेमाने विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने येत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते.

‘सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले’ असे तुम्ही ऐकले असेल. हे विधान फार सोपे केलेले आहे. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा केवळ सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते याचा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही. नैराश्याला अनुवंश, शारीरिक आजार, गरिबी, हिंसा, अपमान, एकटेपणा अशी अनेक मुळे असतात. म्हणून उपचारही फक्त गोळीचा नसतो. समुपदेशन, घरचा आधार आणि परिस्थितीत बदल, हे सगळे लागते.

विसर पडण्याची इतरही कारणे असतात : रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेचा अभाव, दारू. यांतले बरेचसे साध्या रक्ततपासणीत किंवा चार प्रश्नांत कळते. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? पाचवे शील आपण रोज घेतो. दारूने आठवण साठवण्याचे काम बिघडते, आणि जुन्या पिणाऱ्यांत बी-१ जीवनसत्त्व संपून कायमचा विसर पडू शकतो.

गोळ्यांबद्दल चार गोष्टी

१९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या औषधाला मान्यता मिळाली. त्या गटातल्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्या आपल्या सरकारी दवाखान्यांतूनही लिहून दिल्या जातात. फटीतले सेरोटोनिन परत ओढले जाते हे वर पाहिले. या गोळ्या ते ओढणे कमी करतात.

एक : या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि यांची दारूसारखी चटक लागत नाही. पण गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका.

दोन : बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नका. चक्कर, मळमळ, बेचैनी होते आणि आजार उलटतो. मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायची असते.

तीन : २५ वर्षांखालच्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत काही वेळा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या काळात घरच्यांनी जवळून लक्ष ठेवावे आणि बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

चार : दुसरी कोणतीही औषधे चालू असतील तर ती दाखवा. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल, कोरड्या खोकल्याची काही औषधे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिले जाणारे लिनेझोलिड यांच्यासोबत या गोळ्या घेतल्या तर सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. घाम, थरथर, ताप, जुलाब, जोराची धडधड, बेचैनी अशी लक्षणे एकत्र दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि या गोळ्या परीक्षेसाठी नाहीत. आजार नसलेल्या मुलाची स्मरणशक्ती यांनी वाढत नाही. सेरोटोनिनच्या एका ग्राहकावर काम करणारी, स्मृतिभ्रंशासाठी बनवलेली नवी औषधेही मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. जगातल्या मोठ्या कंपन्यांना जे जमले नाही ते दुकानातली चारशे रुपयांची बाटली करेल, यावर विश्वास ठेवू नका.

ताटात काय हवे?

केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून केळी खा, असे संदेश फिरतात. केळे चांगलेच आहे, पण त्यातले सेरोटोनिन मेंदूत जात नाही, हे आपण पाहिले. हवे ते ट्रिप्टोफॅन. डाळी, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, मासे, मटण, चिकन यांतून ते मिळते. कोणताही एक पदार्थ खाऊन मेंदूतले सेरोटोनिन उसळत नाही. रोजचे जेवण पुरेसे असणे महत्त्वाचे.

आपल्या दख्खनच्या पट्ट्यात याचा एक जुना दाखला आहे. फक्त ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नावाचा आजार आढळत असे. त्यात कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि बुद्धी भ्रमिष्ट होते. हैदराबादला पोषणावर संशोधन करणाऱ्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर महत्त्वाचे काम केले. हा आजार नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, आणि शरीर नायसिनही ट्रिप्टोफॅनपासून बनवते. भाकरी वाईट नाही. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा हे जेवण अपुरे. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, अंडे किंवा ताक हवे.

लोहाचेही तसेच. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवणाऱ्या विकराला काम करायला लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या मुलाला दम लागतो, लक्ष टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, मुलांनी खिशात टाकून आणू नये, तिथेच खावी. गोळी चहाबरोबर नको. लिंबू पिळलेले जेवण बरे. जंताची गोळीही चुकवू नये.

घरात आणि विहारात करता येण्यासारखे

रोज सकाळी अर्धा-पाऊण तास उन्हात चालणे किंवा खेळणे. उजेडाचा मेंदूतल्या सेरोटोनिनशी संबंध असल्याचे संशोधनात दिसले आहे, आणि व्यायामाने सौम्य नैराश्य कमी होते. मुलींनाही मैदान मिळाले पाहिजे. परीक्षा आली म्हणून खेळ बंद, हा नियम चुकीचा आहे.

शाळकरी मुलांना आठ-नऊ तास झोप. झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर आईजवळ.

अभ्यासाचे वेळापत्रक अंतराचे करा. वाचून झाले की पुस्तक मिटून आठवेल ते लिहा, मग तपासा.

विहारातल्या आनापानसतीचा उपयोग मन एका जागी आणायला जरूर होतो. पण ज्याला तीव्र नैराश्य आहे, भास होतात किंवा मरणाचे विचार येतात, त्याला ध्यान हा उपचारांना पर्याय नाही. अशा माणसाला लांबच्या शिबिरात पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

विहार समितीला माझी विनंती आहे. अभ्यासिकेत महिन्यातून एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना बोलवा, आशाताईंना सोबत घ्या, मुलामुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. मोठ्या ताई-दादांनी लहानांना शिकवताना ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य बंद करायचे, असा अभ्यासिकेचा नियम करा. आणि भिंतीवर १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. हा केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. २०२२ पासून तो चालू आहे, दिवसरात्र मिळतो, आणि मराठीतूनही बोलता येते. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला समजून त्याची काळजी घ्यायची, शिक्षा करायची नाही, असेही हा कायदा सांगतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने कोणाला दवाखान्यात नेण्याचे टाळू नका.

पुढच्या वेळी कोणाच्या तोंडून ‘याच्या डोक्यात शिरत नाही’ असे निघाले, तर त्याला पाच प्रश्न विचारा. मूल नीट झोपते का? पोटभर आणि डाळ-अंड्यासह जेवते का? रक्त तपासले का? शाळेत त्याला कोणी हिणवते का? आणि गेले दोन आठवडे ते हसले आहे का? या पाचांतल्या एकाचे तरी उत्तर बहुतेक वेळा उपचाराची वाट दाखवते. शिकण्याची क्षमता कोणा जातीची मालमत्ता नाही. २० हजार पेशींची गोगलगायही शिकते. आपल्या मुलांना ८,६०० कोटी मिळाल्या आहेत. त्यांना पुरेसे अन्न, झोप आणि निर्भयपणा देणे आपल्या हातात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!